गाडी मोकळी आहे का?

मुंबईत जुनी पिकअप बाळगणं परवडत नाही हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. पार्किंग कुठेय, डिझेलचा भाव बघ, दरवर्षी पासिंग, वर ग्रीन टॅक्स, आणि एवढं सगळं करून गाडीला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मे महिन्यात लालबागच्या पुलाखाली सिग्नलला अडकलं की पाठ सीटला चिकटते. सगळं खरंय. तरी माझ्याकडे टाटामोबाइल २०६ आहे आणि तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, जोवर शाबूत आहे तोवर मी ती विकणार नाहीये. का, ते आज नीट लिहून काढते, कारण विचारणारे सारखे भेटतात आणि रस्त्यात उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नाहीये.

आधी गाडी कुठली ते सांगते, कारण आजकालच्या पोरांना ती ओळखू येत नाही. टेल्कोने १९८८ साली पुण्यातून काढलेली ही पिकअप. टाटा मोटर्स हे नाव खूप नंतरचं, २००३ चं. लोकांना वाटतं टाटांची घरगुती गाडी म्हणजे १९९८ ची इंडिका, पण त्याच्या आधी १९९१ ला सिएरा आली होती, १९९२ ला इस्टेट आली होती, आणि या दोन्हींचा सांगाडा याच पिकअपवरून घेतलेला. म्हणजे लोकांनी ज्या सिएराच्या मोठ्या काचेवर जीव टाकला तिच्या खाली माझ्याच गाडीची हाडं होती. हे मला फार आवडतं, आणि गॅरेजमध्ये कुणी सिएरावाला भेटला की मी त्याला ते आवर्जून सांगते.

माझी गाडी नव्वदच्या दशकातली. मी ती वसईच्या एका बागायतदाराकडून घेतली, केळी आणि भाजी वाहायचा तो, मुलगा छोटा हाथी घेऊन मोकळा झाला म्हणून ही दारात उभी होती. टाटा एस म्हणजे आपला छोटा हाथी २००५ ला आला आणि जुन्या पिकअपचं अर्धंअधिक काम त्याने घेतलं, दोन सिलेंडरचं जेमतेम ७०२ सीसीचं इंजिन, गल्लीत कुठेही वळतो, त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. काकांनी चावी देताना एवढंच सांगितलं, "रिकामी ठेवू नका बाई, ओझं टाकत राहा." मला वाटलं मायेने बोलतायत. नंतर कळलं की ते अगदी यंत्रापुरतं बोलत होते, त्यावर पुढे येते.

मी नेपथ्य करते. पोटापुरतं इतर ड्रॉइंगचं काम आहे, पण जीव एकांकिकांमध्ये. ज्यांनी कॉलेजात असताना आय.एन.टी. किंवा सवाई या एकांकिका स्पर्धांच्या वाऱ्या केल्यात त्यांना सांगायला नको, स्पर्धेच्या दिवशी लेखक-दिग्दर्शक विंगेत नखं खात असतात आणि बॅकस्टेजवाल्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असते, टेम्पो आला का. सेट चिंचपोकळीच्या कुठल्यातरी गाळ्यात बनलेला, स्पर्धा पार्ल्याला नाहीतर ठाण्याला, लावायला मोजकी मिनिटं, आणि पडदा पडला की पुढच्या टीमसाठी तेवढ्याच घाईत सगळं बाहेर काढायचं. भाड्याचा टेम्पोवाला तोवर वेटिंग लावतो किंवा सरळ दुसरी ट्रिप मारायला निघून जातो, त्याचंही चूक नाही, त्याचं पोट आहे त्यावर. मग रात्री अकरा वाजता थिएटरच्या मागच्या गेटपाशी फ्लॅट म्हणजे सेटच्या खोट्या भिंती, लेव्हल म्हणजे लाकडी चौथरे, एक दरवाजा, एक खोटं तुळशीवृंदावन आणि दहा-बारा भुकेली पोरं. असल्या रात्रींनंतर मी ठरवलं की गाडी आपलीच हवी.

नवी का नाही घेतली? पैसे हे कारण आहेच. पण पैसे असते तरी मी नवी घेतली नसती, आणि मला खरं जे सांगायचंय ते इथेच आहे. नव्या गाडीच्या हौद्यात माणूस वस्तू ठेवताना बिचकतो. लोखंडी फ्रेम टाकली तर रंग जाईल, ओल्या वाळूने गंज धरेल, खिळा निघालेला फ्लॅट ओढला तर चरा पडेल. मग गाडीवाला खाली चटई टाकतो, चटई टाकली तरी शेजारी उभा राहून "सावकाश, सावकाश" करतो, आणि मागायला आलेला पुढच्या वेळी मागायला येत नाही. माझ्या हौद्याला आता काही व्हायचं शिल्लक नाहीये. केळ्यांच्या घडांचे चिकाचे डाग आहेत, ते कशानेही निघत नाहीत, डाव्या कोपऱ्यात कुणीतरी कधीतरी इंजिन नाहीतर तिजोरी असलं काहीतरी जड आदळलंय तिथे वाटीएवढा खड्डा आहे आणि पावसात त्यात पाणी साचतं, फाळक्याची एक साखळी मूळची आणि दुसरी कुठल्यातरी झोपाळ्याची आहे. असल्या हौद्यात कुणीही काहीही टाकू शकतो आणि टाकतोच. जुनेपणामुळे ही गाडी माझ्या एकटीची राहिली नाही, तिला अख्खी वाडी वापरते, आणि मला तिचं जे काही वेड आहे ते यामुळेच आहे.

फोन येतो तोही ठरलेला. "ताई, गाडी मोकळी आहे का?" एवढाच. कशाला, कधी, किती वेळ, हे नंतर.

हौद्याची उंची ही फार मोठी गोष्ट आहे, लोक तिच्याकडे बघतच नाहीत. माझ्या गाडीच्या बाजूला उभं राहिलं की हौद्याची कड साधारण कोपराला लागते आणि हात खाली सोडला तर तळाला पोचतो. म्हणजे फाळका न उघडता बाजूने पिशवी ठेवता येते, बाजूनेच काढता येते. साठीची बाईसुद्धा एका हाताने डाळीची गोण सरकवू शकते. ज्यांच्याकडे या गाड्यांचं सगळ्यात मोठं वेड आहे त्या अमेरिकेत नेमकं हेच हरवलंय. फोर्डने १९२५ मध्ये कारखान्यातूनच मागे हौदा बसवून मॉडेल टी विकायला काढली तेव्हा तिची किंमत २८१ डॉलर होती, शेतकऱ्याची गाडी, त्याच्याआधी लोक गाडी घेऊन मागे स्वतःच फळ्या ठोकून घ्यायचे. तिथून सुरू झालेली पिकअप आता इतकी वाढलीय की पुढचं केबिन दिवाणखान्याएवढं आणि हौदा आखूड, त्याची कड छातीपर्यंत. शिवाय तिकडे बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर २५ टक्के आयात कर आहे, १९६४ पासूनचा, आणि तो आला कशातून तर युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला त्याच्या रागातून! कोंबड्यांचं भांडण कधीच मिटलं, कर तसाच राहिला. त्यामुळे छोटी साधी पिकअप तिकडे बाहेरून येणंच अवघड झालं. आता तिकडचे लोक काय करतात, तर जपानमधल्या केई ट्रक शोधून आणतात, ६६० सीसीच्या, लांबी ३.४ मीटर आणि रुंदी दीड मीटरलाही जरा कमी. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर त्यांच्या कायद्यात तिला आजचे सुरक्षेचे निकष लागत नाहीत, म्हणून मुद्दाम जुनीच घ्यायची. त्यातली एक सुझुकी कॅरी, म्हणजे १९८४ ला आपल्याकडे जिची मारुती व्हॅन झाली आणि पुढे ओम्नी नाव पडलं तिचंच घराणं. टेक्सासचा शेतकरी आमच्या दूधवाल्याच्या ओम्नीच्या बहिणीवर खूश आहे हे वाचून मला इतका आनंद झाला की मी ते दूधवाल्याला जाऊन सांगितलं.

बरं, ओझं टाकत राहा म्हणजे काय ते आता. पिकअपला मागे पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. ते पाटे भरल्या गाडीसाठी बनवलेले असतात, त्यामुळे रिकामी असताना ते वाकतच नाहीत, प्रत्येक खड्डा सरळ मणक्यात येतो आणि मागचा भाग उडतो. पावसात तर जास्तच सांभाळावं लागतं, जोर मागच्या चाकांना आणि मागे वजन नाही, ओल्या पेव्हर ब्लॉकवर जरा ॲक्सिलेटर जास्त झाला की शेपूट बाजूला सरकते. दोन-तीनशे किलो टाका, तीच गाडी खाली बसते आणि शहाण्यासारखी चालायला लागते. म्हणून आमच्याकडे गणपती आणायचा असेल तर आधी हौद्यात वाळूच्या गोण्या जातात. मूर्ती शाडूची, परळच्या कारखान्यातून वाडीपर्यंत अंतर काही फार नाही, पण त्या अंतरात जेवढे खड्डे आहेत तेवढे मूर्तीच्या एका हाताला झटका बसायला पुरेसे आहेत. गोण्या अगदी मागच्या आसावर, त्यांच्यावर पेंढा, पेंढ्यावर घरातली जुनी गोधडी, मग पाट, पाटाच्या चारी बाजूंनी लोड दाबून बसवायचे, दोर मूर्तीला कुठेही लागता कामा नये, तो फक्त पाटाला. तोंडावर रुमाल. आणि मग पहिला-दुसरा गिअर, त्याच्यावर जायचंच नाही, मागून कितीही हॉर्न वाजवोत. त्या दिवशी मागून हॉर्न फारसे वाजतही नाहीत म्हणा, हौद्यातली मूर्ती दिसली की बेस्टचा ड्रायव्हरसुद्धा वाट देतो. मी मोठमोठे सेट वेळेत पोचवलेत, पण गणपती उतरवून घेताना काका लोक मूर्ती सगळीकडून फिरवून बघतात आणि मान डोलावतात तेव्हा जे वाटतं ते कुठल्या पारितोषिकाने वाटलेलं नाही.

भाऊच्या धक्क्यावर पहिल्यांदा गेले होते तेव्हा हमाल गाडीभोवती फिरून आला आणि म्हणाला, ताई ड्रायव्हर कुठाय. आता तोच मला रिव्हर्स घ्यायला लावतो. धक्क्याचं काम मी कमी घेते खरं तर, कोळणी मावशीला नाही म्हणवत नाही म्हणून जाते, पण बर्फाचं खारं पाणी पत्र्याला खाऊन टाकतं. आल्या आल्या गोड्या पाण्याने हौदा धुवायचा, आणि हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात ती तारेने साफ करायची, कारण त्यांच्यात खवले, पेंढा, चिखल जाऊन बसतो आणि पाणी आतच राहतं. मुंबईत पिकअप मरते ती इंजिनाने नाही, गंजाने मरते. समुद्राची हवा, चार महिने पाऊस, आणि साचलेल्या पाण्यातून मारलेल्या फेऱ्या. इंजिन पुन्हा बांधता येतं, चासी आतून पोकळ झाली की खेळ संपला.

इंजिनाबद्दल बोलायचं तर कुर्ल्याचे चाचा. एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं गॅरेज, गॅरेज म्हणजे एक शटर आणि समोरचा फुटपाथ. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा आत बघून हसले, म्हणाले, "इसमें बिगडने जैसा है क्या?" खरंच फार काही नाहीये. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि डिझेल तिच्यात गेल्या गेल्या पेटतं. पंप यांत्रिक, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. सकाळी हीटर द्यायचा, सेल मारायचा, एकदा चालू झाली की बॅटरीकडे तिचं फारसं काम नसतं. डिझेल फिल्टर बदलायला मी त्यांच्याकडूनच शिकले. फिल्टर बदलला की लाइनीत एअर येते आणि मग कितीही सेल मारा, गाडी घेत नाही. फिल्टरवरचा बोल्ट जरा ढिला करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी नुसता फुसफुस आवाज, मग बोल्टाच्या कडेने फेस, मग फेसातले बुडबुडे मोठे मोठे आणि विरळ होत जातात, आणि एका क्षणाला बुडबुडा नसलेलं नितळ डिझेल सलग ओघळायला लागतं. तेव्हाच बोल्ट आवळायचा. घाई केलीत, एकच बुडबुडा आत राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून. हे करताना डोळ्यांनी दिसतं की यंत्राला काय झालंय आणि ते कधी बरं झालं. माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही वस्तूबद्दल मला असं सांगता येणार नाही, तिथे स्क्रीनवर एरर येतो आणि आयटीवाल्याला फोन करायचा असतो.

पार्टचं म्हणाल तर अजून मिळतात. ऑपेरा हाऊसला फिरलं की निम्मं काम होतं, उरलेलं कुर्ल्याच्या भंगारात, आणि तिथेही नाही मिळालं तर चाचा लेथवर बनवून घेतात. या शहराला या गाड्या आतून माहीत आहेत. १९४७ पासून महिंद्राने इथे विलिजच्या जीप जोडल्या, कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गोचे ट्रक जोडले जायचे, पुण्याहून मॅटाडोर यायच्या. एका पिढीच्या फिटर लोकांचे हात त्या कारखान्यांत घडले आणि पुढे ते हात गल्लीतल्या गॅरेजांत आले. चाचांचे उस्ताद प्रीमिअरमध्ये होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी टॅक्सीचे फोटो टाकले, ठीक आहे, मलाही वाईट वाटलं, पण मला जास्त काळजी त्या हातांची वाटली. गाड्या संपल्या की ते शिकायला कुणी येणार नाही. चाचांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

आता धुराचं. यावर मला कुणी छेडलं तर मी वाद घालत नाही, कारण त्यांचं बरोबर आहे. माझं इंजिन भारत स्टेजच्या धुराच्या नियमांच्याही आधीचं आहे आणि मुंबईची हवा हिवाळ्यात कशी होते ते मीही खिडकीतून बघते. पीयूसी वेळेवर, नोझल वेळेवर साफ, तरी ते जुनं डिझेल आहे. म्हणून रोजच्या फेऱ्यांना मी ती काढत नाही, भाजी आणायला पिकअप काढणं हा माज झाला. रोज शंभर पार्सलं पोचवणाऱ्या गाड्या विजेवर गेल्याच पाहिजेत आणि जातायतही, चांगलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की वाडीत एक गाडी अशी असावी जी महिन्यातून थोडीच चालते पण चालते तेव्हा दुसऱ्या कुणाचंतरी अडलेलं काम करते. त्यासाठी नवीन लोखंड ओतून नवीन गाडी बनवायची गरज मला दिसत नाही.

आणि मी भाडं घेत नाही. ज्याचं काम तो डिझेल टाकतो, बस. सुरुवातीला लोकांना ओशाळल्यासारखं व्हायचं, पाकीट काढायचे. मग हळूहळू त्यांनी आपापले मार्ग काढले. टायर पंक्चर झाला तर कोपऱ्यावरचा दादा पैसे घेत नाही कारण त्याच्या बहिणीचं रुखवत मी पनवेलला नेलं होतं. पार्किंगची जागा सोसायटीच्या कागदावर माझी नाहीये, पण ती कुणी घेत नाही, रात्री उशिरा आले तरी तेवढी जागा रिकामी असते.

गेल्या वर्षी नायगावच्या बीडीडी चाळीतनं एका आजींचं सामान हलवलं. चाळ पाडायची, तोवर दुसरीकडे राहायचं. मुलाने मोठ्या सामानाला पॅकर्सवाले बोलावले होते, त्यांनी पलंग, फ्रिज, गोदरेजचं कपाट सगळं नेलं, पण आजींच्या काही वस्तू त्यांनी बघून बाजूला ठेवल्या, या कशाला, नव्या घरात काय करणार. पाटा-वरवंटा. तांब्याचा बंब. गॅलरीतल्या कढीपत्त्याची कुंडी, म्हणजे खरं तर ऑइलचा मोठा डबा, त्यात पुरुषभर उंचीचं झाड. लाकडी फळी, जिच्यावर त्यांचे मिस्टर गिरणीतून आल्यावर गॅलरीत पाय पसरून बसायचे. या वस्तू ॲपवरून बोलावलेल्या टेम्पोत चढत नाहीत, म्हणजे चढतात, पण कुणी चढवायला तयार होत नाही. आम्ही पाटा आधी ठेवला, बरोबर त्या वाटीएवढ्या खड्ड्याशेजारी, बंब त्याला टेकवून, झाड उभंच, फांद्या केबिनवरून पुढे आलेल्या. देव आजींच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. रस्ताभर त्या कुठल्या मजल्यावर कोण राहायचं ते सांगत होत्या, आणि मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. कढीपत्ता जगलाय, नव्या ठिकाणी कुंडीत लावलाय, परवा त्यांनी पिशवीभर पाठवला.

माझं बघून आता ओळखीतले दोघं-तिघं जुनी पिकअप शोधतायत. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. रंगाकडे बघू नका, विकणारा नवा रंग मारूनच आणतो. शर्ट खराब होऊ द्या आणि खाली झोपा, टॉर्च लावून चासी बघा, विशेषतः मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे जोडलेत तिथे, छोट्या हातोडीने ठोका, टणटण वाजलं तर पुढे बोला, भद्द आवाज आला तर चहा पिऊन परत या. सकाळी थंड इंजिनावर सेल मारायला सांगा, तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. कागदांत पासिंगची तारीख आणि टॅक्स स्वतः तपासा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. आणि रिकामी गाडी चालवून काहीच कळत नाही, बरोबर चार-पाच सिमेंटच्या गोण्या न्या, हौद्यात टाका आणि मग एखादा चढ चढवून बघा. त्याला गोण्या टाकलेल्या चालत नसतील, पत्र्याला लागेल म्हणत असेल, तर ती गाडी तुमच्या कामाची नाही.